तार सुटलेली भेंडी

काकूंनी भेंडी कापली, वरून मीठ भुरभुरवलं, चमचाभर पाण्याचा शिंतोडा दिला आणि वाडगं बाजूला सरकवून हात पुसले. आईने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही कुणीतरी दुधात लिंबू पिळलं.

आमच्या सांगलीच्या घरात भेंडीला पाणी लागू देत नाहीत. भेंडी आदल्या रात्री धुवायची, पंचावर पसरायची, सकाळी एकेक पुसून घ्यायची. विळी कोरडी, पाट कोरडा, चिरणारीचे हातही कोरडे. मीठ घालायचं ते भाजी उतरवताना. इतकं करूनही तार सुटलीच तर दोन आमसुलं टाकायची. हे नियम मी चाळीस वर्षं पाळत आले आहे.

‘अगं, सांग त्यांना,’ आई हळूच म्हणाली, ‘चिखल होईल आता त्याचा.’

चिखल झालाच. दहा मिनिटांनी काकूंनी वाडग्यात चमचा फिरवून वर उचलला, तर भेंडीपासून चमच्यापर्यंत चांगल्या वीतभर तारा. काकू खूश. ‘आता झाली तयार,’ म्हणाल्या आणि मक्याच्या रव्याचा डबा पुढे ओढला.

या काकू म्हणजे आमच्या शेजारीण. आम्ही अमेरिकेत दक्षिण कॅरोलायना राज्यातल्या ग्रीनव्हिलला राहतो. इकडे वयस्कर बाईला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत, पहिल्या नावाआधी ‘मिस’ लावतात, मग ती चार नातवंडांची आजी का असेना. समोर मीही तसंच म्हणते, घरात मात्र त्या ‘शेजारच्या काकू’च. वय पंच्याहत्तरच्या पुढे. लहानपण राज्याच्या खालच्या भागात, समुद्राकडच्या शेतावर गेलेलं. कृष्णवर्णीय घराणं, आणि भेंडीचा विषय निघाला की त्या हमखास सांगतात की ही भाजी इथली नव्हेच, आमच्या लोकांबरोबर आफ्रिकेतून आली. खरंच आहे ते. ‘ओक्रा’ हा शब्दच मुळी पश्चिम आफ्रिकेतल्या इग्बो भाषेतला. लुइझियानात ज्या रश्शाला ‘गंबो’ म्हणतात, तोही आफ्रिकेतलाच भेंडीवाचक शब्द. गुलाम म्हणून आणलेल्या माणसांची ही भाजी आज दक्षिणेत सगळ्यांच्याच ताटात असते.

मला मात्र तिची गाठ पडली ती उपासमारीमुळे. इथे ‘मीट अँड थ्री’ म्हणून साधी जेवणाची ठिकाणं असतात. एक मांसाचा पदार्थ आणि तीन भाज्या, असं ताट. मी शाकाहारी, म्हणून नुसत्या भाज्यांचं ताट मागवायचे. आता भाज्या कोणत्या, तर चीजमध्ये बुडवलेली मॅकरोनी. हो, ती इकडे भाजीच्या यादीत असते, आठ वर्षांत मला हे पचलेलं नाही. घेवड्याच्या शेंगा असतात, पण त्या डुकराच्या मांसाचा तुकडा घालून शिजवलेल्या. उरता उरली तळलेली भेंडी. बोटाच्या पेराएवढे तुकडे, बाहेरून खरखरीत सोनेरी, आत हिरवं मऊ, आणि शेजारी वाटीत गुलाबीसर दाट चटणी. पहिल्यांदा खाल्ली तेव्हा नवऱ्याला एकही तुकडा उरला नाही.

घरी करायला घेतली आणि तोंडावर आपटले.

पहिली चूक पिठाची. ‘कॉर्नमील’ म्हणजे मक्याचं पीठ, एवढं मला कळत होतं, म्हणून देशी दुकानातून रोटीचं बारीक मक्याचं पीठ आणलं. भेंडी सवयीने कोरडी करून घेतली, बटरमिल्कमध्ये बुडवली, पिठात घोळवली आणि कढईत सोडली. सगळी एकदम, कारण पाहुणे यायचे होते. तेल क्षणात गार पडलं. बुडबुडे थांबले, पिठाचं आवरण भेंडीवरून सुटलं आणि तळाशी जाऊन जळायला लागलं. वर तरंगत राहिली ती तेल प्यायलेली भेंडी, नागडी. तेवढ्यात छतावरचा धुराचा भोंगा बोंबलायला लागला. मुलगा खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालतोय, मी खिडक्या उघडतेय, आणि दारात पाहुणे. त्या दिवशी पिझ्झा मागवला.

दुसऱ्यांदा कॉर्नमीलच आणलं, पण पिशवीवरची बारीक अक्षरं वाचली नाहीत. इकडे दुकानात ‘सेल्फ-रायझिंग’ म्हणून एक प्रकार मिळतो. त्यात बेकिंग पावडर आणि मीठ आधीच मिसळलेलं असतं, मक्याचा पाव पटकन करता यावा म्हणून. मी त्यात वर माझं मीठ घातलं. आवरण फुगलं छान, पण एक तुकडा खाऊन मुलगा थेट नळाकडे पळाला.

तिसरी खेप म्हणजे काकूंचं स्वयंपाकघर. आई तेव्हा सहा महिन्यांसाठी आलेली. कुंपणापाशी भेंडीवरून बोलणं निघालं आणि काकूंनी दोघींनाही बोलावून घेतलं.

ओट्यावर त्यांच्या परसातलीच भेंडी होती. त्यांनी एकेक उचलून शेंडा मोडून बघितला. कट्कन मोडला तर वाडग्यात, वाकला तर कचऱ्यात. आई एकदम खुलली. मंडईत भाजीवाल्याची बोलणी खात ती आयुष्यभर हेच करत आली आहे. दोघींना एकमेकींच्या भाषेचा एक शब्द कळत नव्हता, पण पुढच्या अर्ध्या टोपलीचे शेंडे त्यांनी मिळून मोडले.

मग चुलीवर चढलं ते भांडं बघून आई मोठ्याने म्हणाली, ‘हा तर बिडाचा तवा!’ बिडाचाच होता, फक्त काठ उंच आणि लांब दांडा. काकूंच्या आईचा. इकडे त्याला स्किलेट म्हणतात. टेनेसी राज्यातल्या साउथ पिट्सबर्ग गावी १८९६ पासून बिडाची भांडी ओतणारा कारखाना आहे, त्याचे तवे इकडे घरोघरी दिसतात. काकूंच्या तव्यावर कुठलाच छाप दिसत नव्हता, नुसती काळीकुळकुळीत चकाकी. साबण लावत नाहीत, धुतला की पुसून, तापवून, तेलाचा हात फिरवून ठेवतात. आईने तव्याच्या काठावरून बोट फिरवलं आणि मान डोलावली. माझ्या नॉनस्टिकवर तिने कधी अशी मान डोलावलेली नाही. बिडाचा फायदा तळणीत कळतो. जाड असल्याने तापायला वेळ घेतो, पण एकदा तापला की गार भेंडी पडली तरी तेलाची आच फारशी उतरत नाही. माझ्या पातळ कढईने मला तिथेच दगा दिला होता.

तेल शेंगदाण्याचं. आईने बाटलीचा वास घेतला आणि नाक मुरडलं, ‘वासच नाही याला.’ घाण्यावरून किटली भरून तेल आणणाऱ्या बाईला हे रिफाइंड तेल म्हणजे पाणीच. पण ते चांगलं कडक तापलं तरी धुरावत नाही आणि भेंडीच्या चवीत लुडबूडही करत नाही. तेल दोन बोटं, भेंडी जेमतेम तरंगेल इतकंच. मी माझा थर्मामीटर नेला होता. साडेतीनशे ते पावणेचारशे अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण १८० ते १९० सेल्सियस, असं मी पाठ करून गेले होते. काकूंनी चिमूटभर रवा तेलात टाकला. तो लगेच चुरचुरत वर आला, तशी त्यांनी मान हलवली. आईने त्याच क्षणी मान हलवली. मी थर्मामीटर बुडवला, ३६० निघाले. पर्समध्ये ठेवून दिला.

आता खरी गोष्ट. काकूंच्या वाडग्यात अंडं नव्हतं, मैदा नव्हता, बटरमिल्कही नव्हतं. तारांनी लडबडलेली भेंडी त्यांनी थेट कॉर्नमीलमध्ये टाकली. हे पीठ पांढऱ्या मक्याचं, हाताला बारीक रव्यासारखं लागणारं. त्यात काळी मिरी आणि किंचित लाल तिखट. परात हलवली, तर प्रत्येक तुकड्याला सगळीकडून रवा चिकटला, कापलेल्या तोंडाला जरा जास्तच. मग भेंडी चाळणीत घेऊन झटकली आणि पाच मिनिटं तशीच ठेवली. तेवढ्यात रवा ओल शोषून घेतो आणि घट्ट बसतो.

मी पहिल्या खेपेला काय केलं होतं, ते तेव्हा डोक्यात लख्ख झालं. भेंडी पुसून पुसून तिच्याजवळचा चिकटा मी घालवला, आणि मग रवा चिकटत नाही म्हणून बाहेरून दुसरा चिकटा आणून लावला. काकूंच्या आजीकडे बाहेरून आणायला काही नव्हतं. अंडी बाजारात विकायची, दूध दुसऱ्याचं. भेंडीत जे होतं, त्यावरच त्यांनी भागवलं. या तारेची आपण बुळबुळीत, गिळगिळीत म्हणून एवढी निंदा करतो. मीठ लागलं की ती बाहेर येते, पाण्याच्या शिंतोड्याने पसरते. आपल्या भाजीत ती नको असते, म्हणून आपण आंबट घालून तिला मोडतो. तळणीत ती जाते कुठे? रव्यात मुरते आणि कडक तेलात त्याच्यासकट सुकून कुरकुरीत होते. तोंडात तारेचा मागमूस नाही.

आईला मी हे मराठीत समजावून सांगितलं. ती म्हणाली, ‘बघू, तळल्यावर बोलू.’

पहिला घाणा पडला. मूठभरच भेंडी, तव्यात एकेका तुकड्याला हलायला जागा. काकूंनी मिनिटभर झारा लावलाच नाही. ‘आत्ता हात लावलास तर साल सोलशील,’ म्हणाल्या. मोठे बुडबुडे बारीक झाले, आवाज फसफसण्यावरून तडतडण्यावर आला, तेव्हा एकदाच हलकेच उलटवलं. तीन-चार मिनिटांत रंग आला आणि भेंडी कागदावर न काढता जाळीवर काढली. कागदावर ती आपल्याच वाफेने खालून मऊ पडते. हे मला भज्यांसाठीही माहीत नव्हतं, आजवर सगळी भजी वर्तमानपत्रावर काढत आले. गरम असतानाच वरून पुन्हा चिमूटभर मीठ.

आईने एक तुकडा उचलला, फुंकर मारली, खाल्ला. काही बोलली नाही. दुसरा उचलला. मग म्हणाली, ‘कोवळी आहे भेंडी.’ आमच्याकडे यापेक्षा मोठी शाबासकी नसते.

भेंडीबरोबर काकूंनी हिरवे टोमॅटोही तळले. पिकायला आलेले नव्हे, दगडासारखे घट्ट, कच्चे. आपण त्यांची तीळ-दाणे घालून चटणी करतो. इथे पाव इंचाच्या चकत्या करून मीठ लावून अर्धा तास निथळत ठेवतात. टोमॅटोला तार नाही, नुसतं पाणी. म्हणून इथे मात्र बटरमिल्क लागतं, आधी मैदा, मग बटरमिल्क, मग कॉर्नमील. आणि हे बटरमिल्क म्हणजे आपलं ताक नव्हे. पूर्वी लोणी काढून उरायचं ते असेलही, आता दुकानात मिळतं ते विरजण लावलेलं कमी स्निग्धांशाचं दूध, कढीच्या पीठ लावलेल्या ताकाहूनही दाट. आपलं पातळ ताक वापरलंत तर मैद्याची खळ होईल. दही थोड्या दुधात फेटून घेतलं तर जमतं, मी करून बघितलंय. चकत्या चांगल्या झाल्या, आंबट-कुरकुरीत, पण खरं सांगायचं तर माझं मन त्यात रमलं नाही. हिरव्या टोमॅटोची चटणीच बरी.

काकडीच्या लोणच्याच्या चकत्या तळायचा प्रकारही इकडे आहे. १९६३ मध्ये आर्कान्सा राज्यातल्या ॲटकिन्स गावच्या एका साध्या हॉटेलातून तो लोकप्रिय झाला, तिथे जवळच लोणच्याचा कारखाना होता. तो मी नंतर एकटीने केला, चकत्या नीट पुसल्या नाहीत, आणि मनगटावरचा डाग अजून दाखवायला आहे. लोणच्यातल्या पाण्याचा थेंब तापल्या तेलात पडला की तो मोहरीसारखा नाही, लवंगी फटाक्यासारखा उडतो.

राहिली गुलाबी चटणी. पोरांना विचाराल तर ती ‘रँच’मध्ये बुडवून खातील. रँच म्हणजे बटरमिल्क, मेयोनेज आणि सुक्या पाल्याचं पांढरं मिश्रण. सगळी दक्षिण ते ओतते, पण आहे ते कॅलिफोर्नियाचं. काकूंच्या घरी त्याला थारा नाही. त्यांची चटणी मिसिसिपीची, नाव ‘कमबॅक सॉस’. जॅक्सन शहरात ग्रीसमधून आलेल्या लोकांनी हॉटेलं काढली, त्यांतून ती आली आणि रोटिसरी नावाच्या हॉटेलाला तिचं श्रेय देतात. मेयोनेज, टोमॅटोची गोडसर चिली सॉस, केचप, किसलेला कांदा, लसूण, लिंबू, मिरी, पॅप्रिका, दोन थेंब तिखट सॉस आणि वूस्टर सॉस.

मेयोनेज कुठलं, यावर इकडे घरं फुटतील. ग्रीनव्हिलमध्ये एकच उत्तर आहे, ड्यूक्स. १९१७ मध्ये इथल्या युजिनिया ड्यूक नावाच्या बाई जवळच्या कॅम्प सेव्हियरमधल्या सैनिकांना सँडविच विकायच्या. पुढे लोक सँडविचपेक्षा आतल्या मेयोनेजसाठीच यायला लागले, तेव्हा त्यांनी तेच बाटलीत भरलं, आणि १९२९ मध्ये व्हर्जिनियातल्या कंपनीला विकलं. यात साखर नसते, त्यामुळे चव आंबटाकडे झुकते आणि तळलेल्यावर तीच हवी असते.

माझी अडचण वेगळी होती. वूस्टर सॉसमध्ये अँकोव्ही नावाची मासळी असते. हे कळल्यावर मी बाटली खाली ठेवली. पण त्याच लेबलवर चिंचही दिसली. म्हटलं, मासळी नको, चिंच तर आपल्या घरची आहे. चमचाभर चिंचेचा कोळ, सुपारीएवढा गूळ, चिमूट मीठ. काकूंनी चाखून बघितलं, थोडा वेळ गप्प राहिल्या आणि वाटीत अजून एक चमचा कोळ घातला. आता त्यांच्याकडेही चिंचेची बाटली असते. एक मात्र नक्की, ही चटणी केल्या केल्या खायची नाही. ताज्या लसणाचा उग्रपणा रात्रभर फ्रिजमध्ये ठेवल्यावर उतरतो.

‘कमबॅक’ का, असं आईने विचारलं. एकदा खाल्ली की माणूस परत येतो म्हणून, असं सांगतात. आई हसली. ‘म्हणजे आपलं “येते” की,’ म्हणाली. काकूंच्या दारातून निघताना मी इंग्रजीत काहीतरी निरोपाचं म्हणाले. आई मात्र चप्पल घालून वळली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, ‘येते हं!’ काकूंना काय कळलं देव जाणे, त्यांनी दोन्ही हात हलवले.

अंडं चालत नसल्याने आईने ती चटणी काही चाखली नाही. भेंडी मात्र त्या उन्हाळ्यात आमच्याकडे आठवड्यातून दोनदा तरी तळली गेली. भोंगा बोंबलू नये म्हणून मागच्या अंगणात विजेची शेगडी मांडून, डास मारत. पुसण्याचा पंचा दोरीवर कोरडाच.

आई सप्टेंबरमध्ये परत गेली. दिवाळीनंतर एका रविवारी तिचा फोन आला.

‘मीठ लावून किती वेळ ठेवायची गं?’

‘दहा मिनिटं. का?’

‘आज मावशी येतेय जेवायला. चटणीला चक्का बांधलाय, त्यात लसूण, मिरी, चिंच घातलीय. जमेल ना?’

‘जमेल. पण मक्याचा रवा कुठे मिळाला तुला?’

‘गिरणीत मका नेला. म्हटलं, बारीक नको, जाडसर काढ. तर तो मेला विचारतो, काकू, कोंबड्या कधीपासून पाळल्या?’